हळदीतलं बदक

वेहळवाडीत हळदीच्या संध्याकाळी फ्रान्सचा सिनेमा लावल्याशिवाय नवरीच्या गालाला हळद लागत नाही. हसायचं कारण नाही. लोक हल्ली लग्नात ड्रोन उडवतात, नवरीला क्रेनला टांगून मांडवात उतरवतात, त्यांना कोणी हसत नाही. वेहळवाडीचा सिनेमा तर अगदी साधा, अर्ध्या तासाचा, लहान पोरांसाठी काढलेला. त्यात कोणी एक अक्षर बोलत नाही. एक पोरगा आहे, त्याची आई आहे आणि एक लंगडं बदक आहे. किन्हवलीचा काळूराम विडोवाला, म्हणजे व्हिडिओवाला, त्याला राजहंस म्हणतो, पण काळूराम स्वतःच्या टमटमलाही फोरव्हीलर म्हणतो, तेव्हा त्याचं सोडून द्या.

सिनेमाची कॅसेट वाडीत आली ती एका फ्रेंच पाहुण्याच्या झोळीतून. पावसाळ्यात रानातली अळंबी बघायला म्हणून तो आला, शाळेच्या पडवीत राहिला, आणि जाताना पोरांसाठी कॅसेट ठेवून गेला. शाळेत तेव्हा विजेचा दिवासुद्धा नव्हता. गुरुजींनी ती काळूरामच्या हवाली केली, कारण पंचक्रोशीत व्हीसीआर त्याच्याच घरी. लग्नात टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं द्यायचा आणि शूटिंग करायचं, हा त्याचा धंदा. पुढच्या उन्हाळ्यात वाडीतल्या बारकूचं लग्न निघालं आणि ऐन हळदीत काळूरामच्या कॅमेऱ्यातली कोरी कॅसेट अडकून बसली. मुहूर्त थोडाच थांबतो? पिशवीत फ्रान्सवाली होती, आदल्या दिवशी अर्धी बघून तशीच टाकलेली. कॅसेटच्या पाठीवरची खाच चिकटपट्टीनं बुजवली की भरलेल्या कॅसेटवरही नवं शूटिंग उतरतं, हे काळूरामला ठाऊक. त्यानं पट्टी मारली, कॅसेट कॅमेऱ्यात घातली आणि बॅटरीनं मान टाकेपर्यंत बारकूची हळद काढली. बारकू सिनेमाच्या पोटात जाऊन बसला तो असा.

वर आणखी एक गंमत. त्या देशातली कॅसेट आपल्याकडच्या मशीनवर रंग सोडते, सगळं काळंपांढरं दिसतं. बारकू मात्र इथल्या कॅमेऱ्यातला, म्हणून रंगीत. तेव्हा वेहळवाडीला सिनेमा दिसतो तो असा. काळ्यापांढऱ्या गावात एक पोरगा चाललाय, त्याच्यामागे बदक लंगडत चाललंय. रात्र होते, पोरगा झोपतो. एकदम सगळं पिवळंधमक होतं. बारकू पाटावर बसलाय, त्याची थोरली बहीण ठकी त्याच्या तोंडाला हळद फासतेय, तो हसत हसत डोळे मिटून ओरडतोय. सात-आठ मिनिटांनी पुन्हा काळंपांढरं. सकाळ झालीय आणि बदक अंगणात सरळ पायांनी धावतंय. लंगडणं गायब.

आता यातून शहाण्या माणसानं काय समजायचं? पाय मुरगळला तर आपण काय लावतो? ठकीनं पहिल्यांदा बघितलं तेव्हाच निकाल दिला, की हळदीनं बदकाचा पाय बरा झाला, आणि जी हळद परमुलखातल्या पाखराला गुण देते ती नवरीला देणारच. वाडीतल्या सगळ्या हळदी ठकीच्या हातच्या, गाणी तिच्या तोंडची, तिच्यापुढे कोण बोलणार? एका शहाण्यानं सिनेमाला फाटा देऊन नुसता डीजे लावला, तर वऱ्हाडाचा टेम्पो माळशेजच्या घाटात बंद पडला आणि नवरदेव मुंडावळ्या खिशात घालून एसटीनं आला. झालं! तेव्हापासून कोणाची छाती नाही. बदक धावायला लागलं की ठकी उठून टीव्हीवर त्याच्या पायाला हळदीचं बोट लावते. काळूरामच्या टीव्हीची काच खालच्या कोपऱ्यात कायमची पिवळी पडलीय. विचाराल तर लोक सांगतात, हे आमच्यात पहिल्यापासून आहे.

आणि या सगळ्यात भागी कुठे? भागी ही बारकूची बायको. रुपाली तीन वर्षांची असताना विहिरीवरच्या मोटरीचा शॉक लागून बारकू गेला. तेव्हापासून भागी लग्नाघरी मागे, भाताच्या टोपांपाशी. विधवेनं हळदीला हात लावायचा नाही, हे वाडीत कोणी कोणाला सांगत नाही, ते सगळ्यांना आपोआप येतं. पण सिनेमा तर दर लग्नात लागायचा, आणि दर लग्नात बारकू पाटावर बसून हसायचा. भागी मांडवाच्या मेढीआडून बघायची. नवऱ्याची हळद तिनं पाहिली ती याच कॅसेटीत, कारण त्या दिवशी ती माहेरी स्वतःच्या हळदीला बसली होती.

एकदा अशाच एका लग्नात ठकीची नजर आधी पडद्याकडे गेली, मग मेढीकडे, आणि बाईच्या डोक्यात उजेड पडला. ती म्हणाली, "नवरा समोर हलतोय, बोलतोय, मंग ही सवाष्ण नाय तर कोण? ये गो भागे, पुढं ये." आणि स्वतःच्या कपाळावरची टिकली काढून तिनं भागीला लावली.

तेव्हापासून तो नेम पडला. बारकू दिसायला लागला की भागी सवाष्ण. पुढे यायचं, टिकली लावून घ्यायची, नवरीला हळद लावायची. बदक आलं की विधवा. टिकली काढायची आणि मागे जायचं. एकदा भागीचा हात नवरीच्या गालावरच होता आणि बदक आलं, तर ठकीनं तो हात फटकन बाजूला केला. भागीला राग येत नसे का? येत असे. घरी जाऊन ती चुलीपुढे बसून नणंदेला शिव्या घालत असे. पण मनात एक हिशेब पक्का होता. उद्या रुपालीचं लग्न निघेल, आणि त्या सात-आठ मिनिटांत पोरीच्या अंगाला पहिला हात आईचा लागेल. त्या एका दिवसासाठी तिनं इतकी वर्षं टिकली लावली आणि काढली.

रुपालीचं लग्न ठरलं. टोकावड्याचा संदेश, हायवेवरच्या ढाब्यापलीकडे त्यांचं घर, मुलगा शहापूरला एका गोदामात सुपरवायझर. भागी खुशीत होती. ती स्वतः किन्हवलीला जाऊन काळूरामला म्हणाली, की कॅसेट नीट बघून ठेवा, या वेळी माझ्या घरचं कार्य आहे. काळूराम आता मंडप आणि खुर्च्या भाड्यानं देतो, पण या एका सिनेमासाठी त्यानं तो जुना व्हीसीआर पोटच्या पोरासारखा जपलाय. त्यानं कॅसेट उघडली, तर टेपेवर पांढरी बुरशी. ऊन दाखवायला म्हणून त्यानं टेप रिळावरून मोकळी केली, अंगणात साडीवर पसरली आणि जेवायला आत गेला. जेवणावर झोप आली, त्याला तो तरी काय करणार.

काळूरामची बायको भेंडीच्या मळ्यातून आली. पाखरांनी कोवळी भेंडी टोचून हैराण केलं होतं. कॅसेटची टेप ताणून बांधली की वाऱ्यानं घूंऽघूं वाजते, उन्हात चमकते आणि पाखरू फिरकत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात कोणाला माहीत नाही? तिला वाटलं, नवऱ्याला कधी नव्हे ती अक्कल आली आणि त्यानं मळ्यासाठी टेप काढून ठेवली. काळूराम उठेस्तोवर अख्खा सिनेमा भेंडीच्या वाफ्यांवर लागला होता.

निरोप आला तशी भागी धावत गेली. ठकीही मागोमाग आली, अर्धी वाडी आली. मळ्यात खुंटांना टेप बांधलेली, पार विहिरीपर्यंत, आणि ती वाऱ्यावर गुणगुणतेय. लोक हात कमरेवर ठेवून बघत राहिले. काळूराम वाफे मोजत चालला होता. इथं पोरगा, इथं बदक लंगडतंय, इथं पोरगा झोपला. तिसऱ्या वाफ्यापाशी येऊन तो थांबला आणि म्हणाला, "वहिनी, माझ्या अंदाजानं बारकू इथं कुठंतरी हाय."

भागीनं टेपेला हात लावला. ऊन खाऊन ती चुरगळली होती, बोटांना तापलेली लागली. ठकीनं तिथंच मळ्यात गळा काढला. काळूरामची बायको म्हणत होती, की मला काय सपान पडलं होतं का, पण पाखरं मात्र खरंच येत नाहीत. शेवटी खुंट सोडून, पेन्सिल घालून काळूरामनं ती सगळी पुन्हा गुंडाळली. व्हीसीआरमध्ये घातली तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. मध्ये एकदा पिवळं काहीतरी चमकलं. भागी म्हणाली थांबवा, पण मशीननं टेप खाल्ली आणि कायमचं तोंड मिटलं.

आता काय करायचं? भागीच्या भावाचा मुलगा पंकज शहापूरला कंप्युटरच्या दुकानात कामाला. त्यानं बारकूचा भिंतीवरचा फोटो मोबाईलवर घेतला आणि म्हणाला, आत्या, हल्ली फोटो हलतो. ठकीनं आधीच सांगून टाकलं होतं की हार घातलेला फोटो चालायचा नाही, माणूस हलता पाहिजे. पंकजनं बटण दाबलं. बारकूनं डोळे मिचकावले, मान वळवली आणि पांढरेशुभ्र बत्तीस दात काढून हसला. बारकूचा पुढचा दात सुरपारंब्या खेळताना लहानपणीच पडलेला. ठकीला तो पसंत होता, ती म्हणाली, दात बसवून घेतला असेल. भागीनं मोबाईल पालथा घातला. तो तिचा नवरा नव्हता, आणि परक्या पुरुषासमोर टिकली लावायला ती काही तयार होईना.

निदान सिनेमा तरी हवाच, नाहीतर हळद अडते. पंकज तो शोधायला लागला आणि चक्रावला. त्या बदकाच्या सिनेमाची बाजारात इतक्या वेळा नवी नवी डबी निघालेली, की काळूराम म्हणाला, याचं बारसं तरी किती वेळा केलं? आधी कॅसेट, मग चकती, मग साफसूफ केलेली चकती, मग तिच्यासोबत पुस्तक, मग सिनेमाला इतकी वर्षं झाली म्हणून परत एक. कल्याणात एक व्हिडिओ लायब्ररी बंद होत होती, तिथून पंकजनं पहिली चकती आणली, आणि ती लावायला दुकानातला प्लेअर.

ती हिंदीत होती. ज्या सिनेमात कोणी तोंड उघडत नाही त्यात कोणीतरी तोंडं घातली होती. बदक हिंदीत बोलत होतं, तेही बाईच्या आवाजात, आणि पोराला बेटा बेटा म्हणत होतं. ठकी कानावर हात ठेवून बसली. आणखी म्हणजे, पोरगा झोपला आणि लगेच सकाळ झाली, बदक धावायला लागलं. मधे काहीच नाही, नुसतं एक गाणं. ठकीला मात्र तेवढ्यानं मोठा आधार मिळाला. बघा, तिकडच्यांनाही मधलं काही दाखवता येत नाही, कारण तिथं खरी हळदच लागते, ती त्यांच्याकडे कुठून येणार? लोकांनी माना डोलावल्या. बोलतं बदक मात्र हळदीला नको, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

दुसरी चकती पंकजनं परदेशातून मागवली, सगळ्यात नवी, धुऊनपुसून काढलेली. ती हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी कुरिअरनं शहापुरात आली. संध्याकाळी काळूरामनं टीव्ही लावला, लोक जमले. टीव्हीवर आलेल्या यादीत सगळं फ्रेंच लिहिलेलं, पंकजनं कुठलं तरी एक दाबलं. पडद्यावर एक म्हातारा आला. डोक्याला केस नाहीत, कानात मशीन, खुर्चीत रेलून बसलेला. तो बोलायला लागला तो थांबेचना. कोणाला काही कळत नव्हतं, पण म्हातारा माणूस बोलतोय, उठून कसं जायचं? सगळे ऐकत बसले. काळूराम म्हणाला, हा बदकाचा मालक असणार. मग म्हाताऱ्यानं एक फोटो उचलून दाखवला. फोटोत तो पोरगा होता. म्हाताऱ्यानं फोटोवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं.

दर लग्नात बायका ज्याच्यावरून बोटं मोडून दृष्ट काढत होत्या, ज्याला 'गरीब लेकरू' म्हणत होत्या, ते लेकरू हे. ठकी म्हणाली, "आगो बाई, याला काय झालं?" तिला पंकजनं समजावलं, की काहीच झालं नाही, मोठा झाला. म्हातारा हसला, दातांची फट दिसली, डोळे पुसले, परत बोलायला लागला आणि तेवढ्यात लाईट गेली.

लाईट काही लवकर आली नाही आणि सिनेमा बघायचा राहिला. भागी घरी आली ती म्हाताऱ्याचाच विचार करत. पोरगा म्हातारा होतो, मग बारकू का झाला नाही? आज असता तर त्याचेही केस गेले असते. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरला असता, जावयाच्या पुढे उगाच मोठ्यानं बोलला असता. ती पन्नाशीला आली आणि नवरा मात्र पंचविशीत पाटावर बसलेला, मागच्या काही लग्नांत तर तिला तो आपल्या मुलासारखा वाटायला लागला होता. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कोणाला?

हळदीच्या दिवशी दुपारी ठकीनं शेवटचा निकाल दिला. सिनेमा लागेल. पण त्यात बारकू नाही, तेव्हा भागीनं मागेच राहायचं. ठकी हे वाईट तोंडानं बोलली नाही, उलट डोळ्यांत पाणी आणून बोलली, पण बोलली. रुपाली तडक उठली आणि म्हणाली, मग मला हळदच नको. भागीनं तिला आत नेलं, दटावलं, सासरची माणसं यायच्या वेळेला तमाशा करू नकोस म्हणून सांगितलं. मग ती भाताच्या टोपांपाशी गेली आणि झाकण काढून वाफेत तोंड धरून उभी राहिली, म्हणजे कोणी विचारलं तर डोळ्यांतलं पाणी वाफेचं आहे असं सांगता येईल.

संध्याकाळी टोकावड्याहून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन बायका आल्या. त्यांनी या सिनेमाची कीर्ती ऐकली होती, त्या पुढच्या खुर्च्या धरून बसल्या. रुपाली पाटावर बसली. डीजेवाल्याला गप्प केलं. पंकजनं या वेळी बरोबर बटण दाबलं आणि सिनेमा सुरू झाला.

पहिल्या झटक्यालाच गडबड. सिनेमा रंगीत होता. पोराचा स्वेटर हिरवा, घराची दारं निळी, बदक चक्क करड्या रंगाचं. लोकांत कुजबूज झाली. ठकीचा चेहरा उतरला, ती पंकजवर घसरली, की हळदीच्या आधीच रंग कसा आला, हे असलं मी चालवून घेणार नाही. पंकज म्हणाला, आत्याबाई, तो पहिल्यापासून रंगीतच होता. पहिल्यापासून म्हणजे काय, हे ठकीला विचारायचं होतं, पण पोरगा झोपायला चालला होता आणि आता नेमाची वेळ आली होती.

पोरगा झोपला. सवयीनं सगळ्या बायका उठल्या. ठकीनं हळदीची वाटी उचलली, गाण्याची पहिली ओळ म्हटली आणि एक हात टीव्हीकडे नेला, दर लग्नात भाऊ दिसायचा तिथं.

पडद्यावर पहाट झाली. अंगणात दंव पडलेलं. त्या पोराची आई दार उघडून बाहेर आली, काळ्या झग्यातली, डोक्याला काळा रुमाल बांधलेली. दाराशी बदक पडलं होतं, पाय ताठ झालेले. तिनं ते उचललं, थोडा वेळ नुसतं धरून उभी राहिली. मग कुदळ घेतली आणि झाडाखाली खणायला लागली, हळू हळू, आवाज न करता, पोरगा उठू नये म्हणून.

ठकीचं गाणं तिथंच थांबलं. पिवळं बोट काचेपाशी तसंच राहिलं. बाकीच्या बायकांच्या हातात वाट्या होत्या आणि त्या सगळ्या उभ्यानं बघत होत्या. ती बाई माती लोटून बाजाराला गेली. सगळी बदकं चाचपत फिरली, एक करडं बदक निवडलं, काखेत मारून घरी आणलं. अंगणात बसून तिनं त्याच्या पायाला चिंधी बांधली, ते लंगडावं म्हणून. बदक काही लंगडेना, चिंधीसकट सरळ धावलं. तेवढ्यात पोरगा उठून दारात आला. त्यानं बदकाच्या पायांकडे बघितलं. मग आईच्या हातांकडे बघितलं, हातांना माती होती. आणि त्यानं बदकाला रोजच्यासारखी शीळ घातली, जसं काही झालंच नाही.

पुढचं वाडीला पाठ होतं. बदक अंगणात धावत होतं. पण पायाला बोट लावायला कोणी पुढे गेलं नाही. टोकावड्याची एक बाई हळूच म्हणाली, "म्हंजे हे येगळंच बदक." तिच्या शेजारणीनं तिला कोपर मारलं. ठकी सगळ्यांकडे बघत म्हणाली, की हळदीनं पाय बरा झाला होता, मी स्वतः बघितलंय, इतक्या वर्षांत कोणाला काही कमी पडलंय का? काळूराम खाली बघत होता. ठकी टीव्हीपुढच्या खुर्चीत मटकन बसली.

भागी कधी पुढे आली ते कोणाला कळलं नाही. ती त्या बाईच्या हातांकडे बघत आली होती. ती बाईही कपड्यांवरून विधवाच दिसत होती, तिला कोणी अडवलं नव्हतं. तिनं पुरलं, तिनंच आणलं, पोराच्या आयुष्यात जे काही भलं-बुरं व्हायचं ते तिच्याच हातांनी. आणि आपण इतकी वर्षं काय केलं? बदक येईपर्यंत सवाष्ण, बदक आलं की विधवा! तिला एकाएकी भर मांडवात संताप आला. पण ती बोलली तेव्हा आवाज चढला नाही.

"वन्स," ती म्हणाली, "बदक मेलं."

ठकीनं वर बघितलं.

"पयलं बदक मेलं, आणि बारकूबी मेलाय."

उखाण्याखेरीज भागीनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, आणि बारकू मेलाय हे शब्द तर वाडीत कोणीच कधी उच्चारले नव्हते. गेला म्हणत, नाही राहिला म्हणत, आणि मग पुढच्या लग्नात त्याला पाटावर बघत. ठकीनं तर तेवढंही कधी म्हटलं नव्हतं. धाकट्या भावाला तिनं अंगाखांद्यावर वाढवलेला. टिकलीचा तो सगळा नेम तिनं भागीसाठी काढलाच नव्हता. बायको सवाष्ण आहे तोवर नवरा आहे, असा तिनं देवाशी हुज्जत घालून केलेला तो बंदोबस्त होता. भागीला हे त्या क्षणी दिसलं आणि तिचा राग निम्मा उतरला. निम्मा राहिला, तो राहणारच.

"मेलाय तो," ती पुन्हा म्हणाली, या वेळी हळू. "मी विधवा हाय. आणि ही माझी पोर हाय. तिला मी हळद लावनार, हाय तशी."

तिनं टिकली मागितली नाही. ठकीनं पदराला हात पुसायला घेतले, ते तसेच राहिले. ती भागीकडे बघत राहिली आणि तिचे ओठ हलायला लागले, पण गाणं नव्हे. मग ती मोठ्यानं रडली, बारकू गेल्यापासूनच्या सव्वीस वर्षांत घरात कोणी रडलं नव्हतं तशी, भावाचं नाव घेऊन, रुपालीच्या सासरच्या बायका समोर असताना, मांडवात. तिला कोणी गप्प केलं नाही. टोकावड्याच्या बायकांनीही पदर डोळ्यांना लावले, त्यांना बारकू कोण हे धड ठाऊकसुद्धा नव्हतं. पंकजनं टीव्ही बंद केला.

रुपाली पाटावरून आईकडे बघत होती. भागी तिच्यासमोर खाली बसली. वाटीत बोट बुडवलं, एकच, चोरटं, इतक्या वर्षांच्या सवयीचं, आणि पोरीच्या गालाकडे नेलं.

ठकी नाक ओढत खुर्चीतून उठली. तिनं भागीच्या हातातली वाटी काढून घेतली. भागीचा हात हवेतच राहिला, मांडवातल्या सगळ्यांना वाटलं आता फटका बसणार. ठकी खाली बसली, वाटी दोघींच्या मधे ठेवली आणि वसकली, "असं एका बोटानं काय लावतेस गो, दोनी हातांनी लाव."